अण्णांची बीपी-शुगर: गावातल्या गावात टीम कशी जोडायची

मागच्या मे महिन्यात सकाळी सहाला आईचा फोन आला, अण्णा घामानं ओलेचिंब झालेत, हात थरथरतेत आणि कायबी बडबडतेत. मी लातूरला, ते गावाकडं. शेजारचं लेकरू हुशार, त्यानं विचारलं गिळता येतंय का, अण्णांनी मान हलवली, मग त्यानं पाण्यात तीन चमचे साखर टाकून पाजलं. पंधरा मिनिटांत अण्णा उठून बसले आणि उलट आईलाच विचारायला लागले, "काय झालतं गं?"

मी दुपारी गावात पोचले आणि त्यांची औषधाची कॅरीबॅग खाटेवर उलटी केली. त्यात दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या, नावं वेगळी, रंग वेगळा, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते दोन्हीवर एकच, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, म्हणजे शुगर उतरवणारी औषधं. एक पट्टी तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी शहरातल्या. अण्णा इमानदारीत दोन्ही घेत होते आणि आदल्या रात्री एकादशी म्हणून जेवलेही नव्हते, म्हणून शुगर एकदम खाली गेली. त्याच पिशवीत गुडघ्याची गोळी होती, बाजारच्या दिवशी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, आणि ती बीपीपण वाढवते आणि किडनीलापण त्रास देते हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि ती सांगायलाच हे लिहितेय. अण्णांना डॉक्टर कमी नव्हते. चार होते. पण एकानं काय केलं ते दुसऱ्याला माहीत नव्हतं. बीपी, शुगर, दमा, थायरॉईड ही दुखणी वर्षानुवर्षं चालतात, ती एक मोठा डॉक्टर गाठून सुटत नाहीत, त्याला चार-पाच माणसं लागतात आणि ती एकमेकांशी बोलती लागतात. यातली बरीचशी माणसं आपल्या गावात आधीपासून आहेत, पगारावर किंवा मानधनावर आहेत, आपण फक्त त्यांना जोडत नाही.

आधी बघा कोण कोण आहे. आशाताई तुम्हाला माहीतच आहे, साधारण हजार लोकांमागे एक असते. लोकांना वाटतं ती फक्त बाळंतपण आणि लसीसाठी, तसं नाही, ३० वर्षांच्या वरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा फॉर्म भरणं हेपण तिचं काम आहे. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, अंगमेहनत आणि घरात कुणाला बीपी-शुगर आहे का असं विचारतात आणि मार्क देतात, ४ च्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. आमच्या आईनं मार्क कमी यावेत म्हणून मशेरी लपवली होती. असं करू नका, ती काय परीक्षा नाही.

मग उपकेंद्र. साधारण ५ हजार लोकवस्तीला एक. २०१८ पासून यांचं आरोग्यवर्धिनी केंद्र व्हायला सुरुवात झाली, २०२३ मध्ये नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, पाटी काहीही असो, तिथं एक सीएचओ बसतात म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आपल्या राज्यात यातले बरेच जण बीएएमएस झालेले आहेत आणि त्यावर वेगळं ट्रेनिंग घेतलेलं असतं. त्यांच्यासोबत नर्सबाई म्हणजे एएनएम आणि आरोग्य सेवक. पूर्ण टीममधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस हा सीएचओ आहे आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही तोच. गावातला माणूस उपकेंद्राच्या दारावरून जीपनं तालुक्याला जातो आणि दीडशे रुपये भाडं घालून बीपी मोजून येतो.

त्याच्या वर पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण ३० हजारांमागे, तिथं एमबीबीएस किंवा बीएएमएस मेडिकल ऑफिसर, औषध देणारा फार्मासिस्ट, लॅबवाला. त्याच्या वर तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल, आणि त्याच्याही वर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी अशी मेडिकल कॉलेजं. तुमचा खाजगी फिजिशियन असेल तर तोपण टीममध्येच धरा, त्याला सोडा असं मी म्हणत नाही.

आणि घरातला एक माणूस. याच्याशिवाय बाकीचं सगळं लटकतं. आमच्यात तो माणूस मी आहे, गावात माझी भावजय. "आम्ही सगळे बघतो की" असं जिथं असतं तिथं कुणीच बघत नाही, म्हणून एक नाव ठरवा.

गावातल्या बायका हे करू शकतात का असं ज्यांना वाटतं त्यांनी बीडच्या शेजारचं जामखेड बघावं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं, गावातल्या बायकांना शिकवलं, त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी गावाचं आरोग्य हातात घेतलं. १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं भारतवैद्य म्हणून गावच्याच बायका तयार केल्या. म्हणजे आशाताईला "तिला काय कळतंय" म्हणणं सोडा, आपल्याकडं हे करून दाखवून झालेलं आहे.

आता सुरुवात कशी करायची.

पहिलं काम पिशवी. घरातल्या सगळ्या गोळ्या एका ठिकाणी आणा, चालू, बंद, अर्धवट, आयुर्वेदिक, बाजारातल्या पुड्या, सगळ्या. लाजू नका. प्रत्येक पट्टी उलटी करून कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते वहीत लिहा. मोबाईलवर फोटो काढून मोठा केला की वाचता येतं. एकच खरं नाव दोनदा दिसलं की थांबा, पण स्वतःच्या मनानं काही बंद करू नका, पिशवी तशीच उचला आणि त्याच दिवशी उपकेंद्रात नाहीतर पीएचसीला घेऊन जा. अण्णांची पिशवी सीएचओ मॅडमनी टेबलावर ओतली, फोटो काढून पीएचसीच्या डॉक्टरांना पाठवले, फोनवर बोलल्या, आणि दहा मिनिटांत नऊ गोळ्यांच्या पाच झाल्या. मला रडू आलं खरं सांगते, दोन वर्षांपूर्वीच आम्ही हे करू शकलो असतो.

दुसरं काम वही. फाईल नको, फाईलीतले कागद उडतात आणि रिपोर्टची शाई जाते. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर नाव, वय, कोणती दुखणी, कोणत्या वर्षापासून, कशाची अ‍ॅलर्जी, आणि आज चालू असलेल्या गोळ्या खऱ्या नावासकट, सकाळ-दुपार-रात्र. गोळी बदलली की जुनी खोडून बाजूला तारीख आणि कुणी बदलली ते लिहायचं. त्याच पानावर आशाताई, सीएचओ, पीएचसी आणि घरच्या माणसाचा नंबर. मागची पानं बीपी-शुगरच्या आकड्यांना. नियम एकच, ही वही दाखवल्याशिवाय कुणाकडूनही गोळी घ्यायची नाही, मग तो दातांचा डॉक्टर असो की मेडिकलवाला. शहरातल्या डॉक्टरांना आधी राग येईल असं मला वाटलेलं, उलट ते म्हणाले "असं सगळ्यांनी आणलं तर माझं काम निम्मं होईल".

तिसरं, उपकेंद्रात नाव नोंदवा. एनसीडीच्या यादीत नाव गेलं का हे विचारून घ्या, एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजार, त्याचं ऑनलाईन पोर्टल असतं आणि त्यात नोंद झाली की तुमचा फॉलोअप चुकला तर आशाताईला आणि नर्सबाईला दिसतं. आभा कार्ड म्हणजे आरोग्याचं ओळखपत्र काढायला सांगतील, १४ आकडी नंबर असतो, काढून घ्या, आधार आणि मोबाईल लागतो. आणि एक सांगते, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केस पेपर आणि उपचार मोफत आहेत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, सिव्हिल. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वेगळ्या खात्याची, तिथं हा नियम धरू नका.

बीपीच्या बाबतीत सरकारी दवाखाना कमी नाही, उलट शिस्त जास्त आहे. २०१७ ला इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह सुरू झालं, पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता, त्यात ठरलं की बीपीच्या उपचाराच्या पायऱ्या सगळीकडं सारख्या असाव्यात, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी मोजकी चांगली औषधं, आणि डॉक्टर एकटे नाही तर नर्स, आशा सगळ्यांनी वाटून काम करायचं. डॉक्टर निदान करतात, औषध ठरवतात, पण महिन्याचं बीपी मोजणं आणि तीच गोळी पुढं देणं हे उपकेंद्रात होऊ शकतं. ज्यांचं बीपी काबूत आहे त्यांनी दर महिन्याला पीएचसीच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

आता मोजायचं कसं, कारण इथं जाम गोंधळ असतो. आधी लघवीला जाऊन या, मोजायच्या अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको, पाच मिनिटं शांत टेकून बसा, पाय जमिनीला, बाही वर, हात काळजाच्या उंचीला टेबलावर, बोलायचं नाही, आणि दोनदा मोजायचं. आमच्याकडं माणूस सायकलवरून उतरला की धापा टाकत हात पुढं करतो आणि १६० आलं की घाबरून गोळी वाढवून मागतो. सर्वसाधारण टार्गेट १४०/९० च्या खाली, ज्यांना शुगर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांना डॉक्टर अजून खाली आणायला सांगतील. शुगरला उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या खाली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ७ च्या आसपास, पण वय झालेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला डॉक्टर थोडं सैल ठेवतात कारण शुगर खाली जाणं वर जाण्यापेक्षा पटकन धोक्याचं.

शुगर खाली गेली की काय करायचं हे घरातल्या लहान लेकरालापण शिकवा. घाम, थरथर, भूक, डोळ्यापुढं अंधारी, चिडचिड, आणि मशीनवर ७० च्या खाली. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजायचं, कमीच असेल तर परत द्यायचं, आणि बरं वाटलं की भाकरी किंवा चपाती खायला घालायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं शुगर उतरली असेल तर काही तासांनी परत उतरू शकते म्हणून बरं वाटलं तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. आम्ही पहिल्या वेळी दाखवलं नसतं, शेजाऱ्यानं हट्ट केला म्हणून गेलो.

उपवासाचं मी वेगळं सांगते कारण आपल्याकडं एकादशी, नवरात्र, श्रावण सोमवार सुटत नाहीत आणि मी सोडा असंही म्हणणार नाही, माझी आई नवरात्रात नऊ दिवस धरते, तुळजापूरला चालत जाते. उपवासाच्या आठ दिवस आधी सीएचओंना विचारा, की कोणती गोळी कमी करायची, कोणती वेळ बदलायची. आणि साबुदाण्याच्या खिचडीनं शुगर भरकन वर जाते, त्यापेक्षा भगर थोडी, दाण्याची आमटी, दही, काकडी. रोजच्या जेवणात मला कुणाची भाकरी काढायची नाहीये, ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, फक्त किती हे बघा, आणि मीठ. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, ठेचा हे सगळं धरून दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. हे आईला मी शंभरदा सांगितलं तर ऐकलं नाही. आशाताईनं बचत गटाच्या बैठकीत चमचा हातात घेऊन दाखवलं तेव्हा ऐकलं. टीमचा फायदा हा असतो, तुमचं न ऐकणारा माणूस दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतो.

उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत इन्शुलिनचं काय करायचं हा आपल्याकडचा खरा प्रश्न, लाईट आठ-आठ तास नसते. न फोडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत म्हणजे फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्शुलिन वाया गेलं समजा. चालू बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते पण गार जागी. आपला मातीचा माठ इथं कामाला येतो, एका मोठ्या माठात थोडं पाणी किंवा ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं, सावलीत. बाटलीला पाणी लागू द्यायचं नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर विसरूनही ठेवू नका. आणि लघवी जास्त करणारी बीपीची गोळी चालू असेल, त्यात जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच दवाखान्यात विचारा.

वर्षातून एकदा करायच्या तपासण्या लोक विसरतात आणि नुकसान तिथंच होतं. डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (हे दोन्ही किडनीसाठी), आणि पाय. पायाला पैसे लागत नाहीत, चप्पल काढून तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचं, शेतात अनवाणी जायचं नाही. काटा मोडला आणि दुखलंच नाही म्हणजे चांगलं नाही, नस बधिर झालीय. रक्ताचे नमुने पीएचसीतून महालॅबकडं जातात, रिपोर्ट मिळाला का हे फोन करून विचारत राहा आणि आकडा वहीत उतरवा. तारीख लक्षात राहायला मी अण्णांचं पोळ्यानंतरच्या पंधरवड्यात ठरवून टाकलंय, बैलांचं झालं की अण्णांचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर शुगरवाल्यानं थुंकीची तपासणीही करून घ्यावी, शुगर असलेल्याला टीबी लवकर धरतो.

आता हेपण सांगते की सगळं गोड नाही. उपकेंद्राला कुलूप असतं, सीएचओ मीटिंगला गेलेले असतात, गोळ्या संपलेल्या असतात. आमच्याकडं एकदा दीड महिना बीपीची गोळी नव्हती. भांडण करून उपयोग झाला नाही, मग गावातल्या बीपीवाल्या अकरा जणांची नावं लिहून आम्ही अर्ज केला, ग्रामसभेत वाचला, एक प्रत पीएचसीला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याला. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, आशाताई त्यात असते, तिथं विषय घ्या. तोपर्यंत गोळी बंद ठेवायची नाही, जनऔषधी दुकानातून त्याच खऱ्या नावाची स्वस्त मिळते. सीएचओ नसतील तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाईन सेवेवरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, आणि १०४ ला फोन करून सल्ला मिळतो. आशाताईवर ओरडू नका. तिला पूर्ण पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो आणि तो सुद्धा उशिरा.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात गळणं, बोबडं बोलणं, छातीत आवळून घाम येणं, याला टीम-बिम काही नाही, थेट १०८ आणि मोठं हॉस्पिटल. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यात देवऋषी आणि मालिश करत बसू नका. वही मात्र सोबत घ्या.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी, कारण बीड, धाराशिव, जालन्याकडचे किती जण जातात आणि दिवाळी ते पाडवा पाच महिने त्यांच्या गोळ्यांचं काय होतं हे कुणी विचारत नाही. दसऱ्याच्या आधी सीएचओकडं जा, सांगा की टोळीसोबत जायचंय, बीपी-शुगर तपासून जास्तीत जास्त जेवढ्या दिवसांच्या देतील तेवढ्या गोळ्या घ्या, दोन महिन्यांच्या मिळाल्या तरी पुष्कळ. कुठल्या कारखान्याला, कुठल्या तालुक्यात चाललाय हे आशाताईला सांगून जा, फोन नंबर चालू ठेवा. तिकडं पोचलं की पहिल्या आठवड्यात कोप्यांच्या म्हणजे राहायच्या झोपड्यांच्या जवळचं उपकेंद्र कुठं आहे ते मुकादमाला विचारून बघून ठेवा, आभा नंबर आणि वही दाखवली की तिथंही तीच गोळी मागता येते. पहाटे तीनला उसात उतरायच्या आधी गोळी घेतली आणि काही खाल्लं नाही तर शुगर उतरते, म्हणून आधी अर्धी भाकरी मग गोळी, आणि कमरेला कापडात गुळाचा खडा. जोडीदाराला लक्षणं सांगून ठेवा. आणि वही प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पेटीच्या तळाला ठेवा, कोपीत दव पडतं.